डँडेलियनचा काढा आणि उरवलेल्या गोळ्या

प्रश्न : माझं वय ५६. पाळी जाऊन काही वर्षं झाली. गेल्या वर्षभरात लघवीचा संसर्ग तीन-चारदा झाला. दर वेळी तेच: जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात ठणका. या वेळी डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून उरलेल्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या. माझ्या भाचीने डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रोपाच्या वाळवलेल्या मुळांचं पाकीट आणून दिलंय. तिने वाचलं की हे नैसर्गिक अँटिबायोटिक आहे, औषधांना दाद न देणारे जंतूही त्याने मरतात. आता मी रोज दोन कप काढा घेते. तो कायम चालू ठेवला तर गोळ्यांपासून सुटका होईल का? नातवाच्या बोटावर चामखीळ आहे, तिला या झाडाचा चीक लावतात असं ऐकलं. लावू का? मला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. पित्ताशयात एक खडा आहे, पण तो काही त्रास देत नाही.

उत्तर :

ताई, नमस्कार.

पित्ताशयातल्या खड्याचं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण काढा चालू आहे. डँडेलियन कडू असतं आणि त्या कडूपणासाठीच ते शेकडो वर्षं पोटाच्या आणि यकृताच्या तक्रारींवर दिलं गेलं. कडू द्रव्यांनी पाचक रस सुटतात, पित्ताचा प्रवाह वाढतो. ज्याच्या पित्ताशयात काही नाही त्याला यामुळे जेवणानंतरचं जडपण कमी झाल्यासारखं वाटेल. खडा असला तर गोष्ट वेगळी. पित्ताशय आकसून पित्त बाहेर ढकलतं तेव्हा खडाही नळीच्या तोंडाशी सरकून अडकू शकतो. आज त्रास न देणारा खडा उद्याही गप्प राहील, अशी हमी त्याला डिवचत राहिल्यावर कोण देणार?

हा माझा आगाऊ धसका नाही. वनौषधींची छाननी करण्यासाठी जर्मनीत ‘कमिशन ई’ नावाची तज्ज्ञ समिती होती. तिने डँडेलियनला मान्यता दिली ती पित्ताचा प्रवाह, अपचन, मंदावलेली भूक आणि लघवी वाढवणं एवढ्यासाठी. त्याच मान्यतेत अटही घातली: पित्तनलिका अडलेली असेल तर अजिबात नाही, आणि खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तेव्हा काढा आजच थांबवा. पुन्हा घ्यायचा की नाही, ते तुमची सोनोग्राफी बघून डॉक्टर ठरवतील.

टेल्मिसार्टनबद्दलही थोडं सांगते. या गोळीने शरीरातलं पोटॅशियम थोडं वाढू शकतं. डँडेलियनच्या पानांत पोटॅशियम भरपूर असतं, वाळलेल्या पानांच्या वजनाच्या सुमारे ४ टक्क्यांपर्यंत. तुमच्याकडे मुळं आहेत, त्यामुळे ही काळजी पानांइतकी नाही. पण मूळ आणि पाला एकत्र करूनही ही वनस्पती विकली जाते, म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर ही काळजी दुप्पट.

आता भाचीचं बोलू. तिने वाचलं ते खोटं नाही, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतलं सत्य तिने तुमच्या मूत्राशयात आणून ठेवलंय. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये डँडेलियनच्या मुळांचे अर्क तपासले. त्यांतले काही अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूला रोखत होते, आणि त्याच जीवाणूच्या ‘एमआरएसए’ या औषधांना न जुमानणाऱ्या प्रकारालाही. रशियातल्या संशोधकांनी त्याआधी, २०१२ मध्ये, या झाडाच्या फुलांतून छोटी छोटी प्रथिनं वेगळी काढली होती. ती बुरशी आणि जीवाणू दोघांनाही आवर घालतात. म्हणजे डँडेलियनमध्ये जंतुरोधक द्रव्यं आहेत, यात वाद नाही.

नसती तरच नवल. जमिनीत खोल मूळ रोवून वर्षानुवर्षं जगणाऱ्या झाडाला बुरशी, जीवाणू, अळ्या सगळ्यांशी सामना करावा लागतो. त्याच्या मुळातला पांढरा चीक हा त्याचा शस्त्रसाठा. हुमणीच्या जातीतल्या अळ्या ही मुळं कुरतडतात. त्या चिकातलं एक कडू द्रव्य या अळ्यांना लांब ठेवतं, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. मला हा भाग फार आवडतो. आपण ज्याला ‘औषधी गुण’ म्हणतो ते बहुतेकदा झाडाचं स्वतःचं भांडण असतं, आपण मधे हात घालून त्यातलं काही उचलतो.

उचलताना काय हाती लागतं ते मात्र उचलण्याच्या पद्धतीवर ठरतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथे आहे. आयर्लंडच्या त्या अभ्यासात जास्त प्रभावी ठरले ते हेक्झेनसारख्या द्रावकात काढलेले, म्हणजे तेलकट, पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्यांचे अर्क. हेक्झेन हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव आहे, प्रयोगशाळेबाहेर तो कुणी पिण्यासाठी वापरत नाही. तुम्ही मुळं पाण्यात उकळता. पाण्यात उतरतं ते इन्युलिन नावाचं पिष्टमय द्रव्य, थोडी कडू द्रव्यं, थोडी खनिजं. जंतूंना रोखणारा जो भाग भाचीने वाचला, तो बराचसा गाळणीत उरलेल्या चोथ्यातच राहतो.

हे फक्त डँडेलियनचं दुखणं नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध चीनमधल्या छिंगहाव या वनस्पतीतून आलं. थू यूयू या चिनी संशोधिकेच्या गटाला सुरुवातीला त्याच्या अर्कांचा भरवसा देता येत नव्हता. मग चौथ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातली कृती त्यांनी बारकाईने वाचली: झाड पाण्यात भिजवून त्याचा रस पिळून घ्या. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनेच द्रव्य खराब होत असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्राण्यांमधल्या मलेरियावर चालला. २०१५ मध्ये थू यूयू यांना नोबेल मिळालं. झाड तेच, कृती बदलली आणि औषध सापडलं. म्हणून ‘अमुक झाडाने जंतू मरतात’ असं वाक्य दिसलं की मी आधी बघते, अर्क कशात काढला होता.

मग जंतू कोणता, हेही बघायला हवं. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय. हा ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ गटातला. या गटाच्या पेशीला बाहेरून एक जादा आवरण असतं आणि वनस्पतींतली पुष्कळ द्रव्यं त्यापलीकडे पोचतच नाहीत. स्टॅफिलोकॉकसला ते आवरण नसतं. डँडेलियनच्या बाबतीतले चांगले निकाल बव्हंशी त्याच बाजूचे आहेत. म्हणजे भाचीने ज्या जंतूबद्दल वाचलं, तो तुमच्या त्रासामागे असण्याची शक्यता मुळात कमी.

आणि समजा योग्य द्रव्य योग्य जंतूसमोर आलं, तरी किती आलं? वनस्पतींच्या अर्कांची जंतू रोखण्याची मात्रा साधारणपणे एका मिलिलिटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम ते काही मिलिग्रॅम अशी असते. उपयोगी अँटिबायोटिकला बऱ्याचदा त्याच्या शंभराव्या हिश्शात काम भागवता येतं. शिवाय बशीत अर्क थेट जंतूंवर पडतो. तोंडाने घेतलेल्या द्रव्याला आतड्यातून रक्तात जायचं, यकृताच्या तावडीतून सुटायचं आणि मग मूत्रपिंडातून लघवीत उतरायचं असतं. तुमची नायट्रोफ्युरँटॉइन यासाठीच निवडली जाते. ती रक्तात फारशी टिकत नाही, झपाट्याने लघवीत जमा होते आणि जिथे जंतू आहेत तिथेच तिचा मारा होतो. डँडेलियनचं कुठलं द्रव्य लघवीत जंतू मारण्याइतकं जमतं, असं माणसांत कुणी दाखवलेलं नाही.

परंपरा तरी काय सांगते? इथे एक मजेशीर गोष्ट आहे. डँडेलियन लघवीच्या तक्रारींवर दिलं जायचं हे खरं, पण जंतू मारायला नव्हे. युरोपात ते लघवी साफ आणि जास्त व्हावी म्हणून देत. युरोपीय औषध संस्थेची वनौषधी समिती आजही त्याचा पारंपरिक वापर मान्य करते तो सौम्य पचनविकार, तात्पुरती गेलेली भूक आणि किरकोळ मूत्रतक्रारींमध्ये लघवीचं प्रमाण वाढवून मार्ग धुऊन काढणं, एवढ्यापुरता. तोही इतर उपचारांच्या जोडीला. ही मान्यता दीर्घकाळच्या वापरावर उभी आहे, मोठ्या चाचण्यांवर नाही, आणि समिती तसं स्पष्ट म्हणते. बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावं, असंही सांगते. ‘कायम चालू ठेवणं’ या परंपरेतही बसत नाही.

जंतुसंसर्गाच्या सगळ्यात जवळ जाणारी परंपरा चीनमधली आहे. तिथे डँडेलियनच्या भाऊबंदांपैकी एक जात, फूकुंगयिंग, सन ६५९ मध्ये थांग राजवटीत तयार झालेल्या औषधिग्रंथात आली. तिचा मुख्य वापर स्तनातल्या गळवावर आणि सुजेवर. पाला वाटून बाहेरून लेप द्यायचा आणि काढा पोटात घ्यायचा. गळवांमागे पुष्कळदा स्टॅफिलोकॉकसच असतो, हे लक्षात घेतलं तर जुने वैद्य आणि आजची प्रयोगशाळा इथे एकमेकांच्या जवळून जातात. तरी मी म्हणेन, जवळून जातात, भेटत नाहीत. गळू पिकलं की त्यातला पू काढावा लागतो, हे काम कुठलाही लेप खात्रीने करत नाही.

लघवी वाढते का? २००९ मध्ये १७ जणांना पानांचा अर्क एक दिवस देऊन पाहिलं. पहिल्या मात्रेनंतरच्या पाच तासांत लघवीला जाण्याच्या फेऱ्या वाढल्या, दुसऱ्या मात्रेनंतर प्यायलेल्या पाण्याच्या मानाने लघवी वाढली, तिसऱ्या मात्रेने काहीच बदल झाला नाही. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. एवढ्याशा अभ्यासावर ‘होय, थोडंफार वाढत असावं’ इतकंच म्हणता येतं. आणि तो पानांचा होता, मुळांचा नव्हे.

तुमच्या त्रासाशी थेट संबंध असलेली एक चाचणीही आहे, १९९३ मधली. वरचेवर संसर्ग होणाऱ्या ५७ स्त्रियांपैकी काहींना बेअरबेरी या झुडपाची पानं आणि डँडेलियनचं मूळ यांच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना बिनऔषधाच्या. वर्षभरात औषधी गोळ्यांच्या गटात कुणालाही पुन्हा संसर्ग झाला नाही, दुसऱ्या गटात २३ टक्के जणींना झाला. आकडे छान दिसतात. पण त्यात जंतुरोधक म्हणून होती ती बेअरबेरी, डँडेलियन लघवी वाढवायला घातलेलं. शिवाय चाचणी लहान. भाचीला कुठे ‘डँडेलियनने संसर्ग टळतो’ असं वाचायला मिळालं असेल, तर त्याचं मूळ बहुधा इथेच असेल.

याच्या शेजारी २०१८ ची एक चाचणी ठेवून बघा. वरचेवर संसर्ग होणाऱ्या, पण दिवसाला कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया. अर्ध्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसतं पाणी! त्या सगळ्या पाळी चालू असलेल्या होत्या, त्यामुळे हे आकडे तुम्हाला तसेच लागू होतील असं नाही. पण काढ्याने बरं वाटतंय असं तुम्हाला वाटत असेल, तर दोन कप काढ्यातलं मूळ आणि दोन कप काढ्यातलं पाणी यांत श्रेय कुणाचं, हा प्रश्न विचारायलाच हवा. तुम्हाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर पाणी वाढवा.

उरलेल्या गोळ्यांबद्दल मला रागवायचं नाही. बरं वाटल्यावर गोळी नकोशी होते, ते मी समजू शकते. पण जळजळ थांबणं म्हणजे जंतू संपणं नव्हे. पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत थांबवल्या, तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढू शकतात. तुमच्या तीन-चार वेळांतली एखादी वेळ नवी नसून जुनीच असेल, असंही होऊ शकतं. आता त्या गोळ्या स्वतःहून पुन्हा सुरूही करू नका आणि पुढच्या वेळेसाठी ठेवूही नका. डॉक्टरांना सरळ सांगा, दोन दिवस घेतल्या आणि थांबवल्या. ते रागावतील, रागावू देत. आत्ता त्रास असेल तर नवी गोळी घेण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करून घ्या. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे त्यात कळतं. ती कधी केली नसेल, तर दर वेळी अंदाजाने औषध दिलं जातंय.

शिवाय रक्तातली साखर तपासून घ्या. आणि पाळी गेल्यानंतरच्या वारंवार संसर्गाबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा, कारण बायका हे विचारायला लाजतात आणि डॉक्टर घाईत असतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने योनिमार्गाची त्वचा पातळ होते, तिथले संरक्षण करणारे जीवाणू घटतात आणि ई. कोलायला वाट मोकळी होते. योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम हा त्यावरचा चांगला तपासलेला उपाय आहे. तुम्हाला चालेल की नाही ते तपासूनच ठरेल, पण तुमच्या वयाच्या बाईने काढ्याच्या आधी ज्याची चौकशी करायला हवी ते हे.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा लघवीतून रक्त गेलं, तर वाट बघू नका. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची ही लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नातवाच्या चामखिळीला चीक लावायचा उपाय जुना आहे, बऱ्याच देशांत सांगितला जातो. चामखीळ विषाणूमुळे होते आणि मुलांमधल्या पुष्कळ चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातात. त्या काळात जे लावलं असेल त्याला यश मिळतं. डँडेलियनच्या चिकाने चामखीळ जाते याला भक्कम पुरावा नाही, उलट काहींच्या त्वचेला तो झोंबतो. ज्यांना गाजरगवत, शेवंती किंवा कॅमोमाइलची अॅलर्जी आहे त्यांना तर पुरळ उठू शकतं, कारण ही सगळी एकाच कुळातली आहेत. शिवाय मुलं बोट डोळ्यात घालतात. चीक नको. चामखीळ दुखत नसेल तर सोडून द्या, खुपत असेल तर सॅलिसिलिक अॅसिडचं औषध डॉक्टरांना विचारून लावा.

भाचीला पाकीट परत देताना तिलाही दोन गोष्टी सांगा, कारण तिचा उत्साह बघता ती उद्या झाड उपटून आणेल. तिला खडा नसेल, या कुळाची अॅलर्जी नसेल, लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू नसतील, तर जेवणाआधी थोडे दिवस कडू काढा घ्यायला हरकत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पानांपासून सांभाळून राहावं. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ७८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या सहा-सात पट, आणि त्याने त्या औषधाचा परिणाम कमी होतो.

झाड ओळखताना पिवळ्या फुलावर जाऊ नये, तशी फुलं डझनभर झाडांना येतात. डँडेलियनचा फुलाचा दांडा पोकळ असतो, त्याला एकही पान किंवा फांदी नसते, आणि एका दांड्यावर एकच फूल. पानं सगळी जमिनीलगत, कडा मागे वळलेल्या दातांसारख्या. दांडा फांद्यांचा आणि पानं खरखरीत केसाळ असतील तर ते दुसरंच काही आहे. आणि रस्त्याच्या कडेचं किंवा तणनाशक फवारलेल्या जागेचं झाड घेऊ नये. डँडेलियन मातीतले जड धातू इतके शोषून घेतं की प्रदूषण मोजायला संशोधक त्याचीच पानं तपासतात.